टेकडीवरची कारिन्याँ

रोकनेग्रच्या द्राक्षमळ्यात तीनशे वर्षं वाइन होत आली होती, आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं तळघराचा सगळा कारभार फुल्क्राँ आझेमाकडे होता. सपाटीवरची सिरा, ओढ्याकाठची ग्रनाश आणि टेकडीवरची जुनी, बुटकी, वाकड्या खोडांची कारिन्याँ अशा तीन जातींची द्राक्षं वेगवेगळी आंबवायची आणि जानेवारीत त्यांचा मेळ घालायचा. कुठली किती घ्यायची, हे तोच ठरवी. मळ्याच्या मालकीण मादाम द ब्रासाक त्यात कधी बोट घालत नसत.

लग्न त्याने केलं नव्हतं. आई दहा वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, ती गेली तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. मग गावाने त्याला विचारायचं सोडून दिलं.

पण दर सप्टेंबरात तोडणीसाठी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाकडच्या एका गावातून चौदा माणसांची टोळी रेल्वेने यायची आणि त्या टोळीची मुकादम होती अंपारो. विधवा, अंगाने उंच, तोंडाने फटकळ. तिची गावाकडची बोली आणि फुल्क्राँच्या आजीची जुनी बोली या बहिणी-बहिणी निघाल्या, त्यामुळे दोघांचं बोलणं पहिल्याच दिवशी जमलं.

टोळी आली की पहिल्या दुपारी तो गेल्या वर्षीची बाटली घेऊन मळ्यात जाई. तिने तोडलेल्या द्राक्षांची वाइन तिला वर्षाने चाखायला मिळायची. ती बांधावर बसे, एक घोट घेई, दूर बघत राही आणि मग निकाल देई.

"उस्ताद, यंदाची नव्या नवरीसारखी आहे. सगळं नीटनेटकं, पण तोंड उघडत नाही."

एका वर्षी म्हणाली, "ही माझी मावशी. आधी ओरडते, मग पोटभर वाढते."

तो हसायचा, बूच लावायचा आणि तळघरात परतायचा. ते एक वाक्य त्याला वर्षभर पुरायचं. हिवाळ्यात वेलींची छाटणी करताना, पिंपं धुताना, तो मनातल्या मनात पुढच्या वाक्याची वाट बघत असे. अशी अकरा वर्षं गेली.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या जूनमध्ये मादामनी त्याला बोलावून घेतलं. "फुल्क्राँ, तोडणीचं यंत्र घेतेय. शेजारच्या सगळ्यांनी घेतलं. तुमच्या त्या स्पॅनिश बाईंना यंदा येऊ नका म्हणून कळवा. दरवर्षी पत्र तुम्हीच लिहिता ना."

"टेकडीवर यंत्र चढणार नाही, मादाम."

"टेकडीला गावातली चार माणसं पुरतील. आणि ती टेकडी तरी किती दिवस ठेवायची? सरकार वेली उपटायला पैसे देतंय. अर्ज आणून ठेवलाय मी."

दरवर्षी त्या पत्रात एकच ओळ असायची: अमुक तारखेला या. यंदा ते लिहायला त्याला चार दिवस लागले. शेवटी लिहिलं, की यंत्र आलं आहे, टोळीला बोलावता येत नाही, टेकडी उपटायचं बोलणं चाललंय, पण यंदा तिथे हातानेच तोडणी आहे, वाटल्यास तुम्ही या. उत्तर आलं: "वडिलांना अर्धांगवायू झालाय. येता येणार नाही. तुम्ही बरे असाल. अंपारो."

त्या सप्टेंबरात यंत्र सपाटीवरून घरघरत गेलं. तीन आठवड्यांचं काम पाच दिवसांत उरकलं. बांधावर कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी कुणाला चिडवलं नाही. जानेवारीत मेळ घालायला बसला तर त्याचा हात चालेना. तीन वेगवेगळे मेळ करून बघितले, तिन्ही एकदा चांगले वाटत, एकदा वाईट. मग एका सकाळी त्याने तिन्हींच्या लहान बाटल्या पिशवीत घातल्या आणि नार्बोनला जाऊन स्पेनची गाडी पकडली.

संत्र्यांचा हंगाम जोरात होता. ती गावाबाहेरच्या वखारीत संत्री कागदात गुंडाळत होती. त्याला दारात बघून तिने हातातलं संत्रं नीट गुंडाळलं, पेटीत ठेवलं, मगच उठली.

"उस्ताद, वाट चुकलात?"

"यंदाची आणलीय. अजून ठरत नाहीये."

वखारीमागे उलट्या पेट्यांवर दोघं बसली. तिने तिन्ही बाटल्यांतून घोट घोट घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली, "तुम्ही मला वाइन कशी झाली ते विचारलंत. अंपारो कशी आहे, हे एकदाही नाही."

फुल्क्राँला मान वर करता येईना. "कशा आहात?"

मग तिने सांगितलं. वडील तिच्याशिवाय कुणाला ओळखत नाहीत, कुणाच्या हातून खात नाहीत. तिचा गुडघा दुखतो. चार वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याने मागणी घातली होती, माणूस चांगला होता. "नाही म्हटलं. कारण विचारलं त्याने. काय सांगणार? सप्टेंबर जवळ आलाय, असं सांगायचं?"

"चला माझ्याबरोबर. वडिलांनाही घेऊन."

"त्यांना अंगणापर्यंत नेलं तरी रडतात."

"मग मी येतो इकडे."

"आणि इथे काय कराल? संत्री गुंडाळाल? तुमची पाठ फिरली की दुसऱ्या दिवशी ती टेकडी उपटतील." तिने मधली बाटली त्याच्याकडे सरकवली. "ही. पण हिच्यात टेकडी अजून घाला. भीत भीत घातलीय."

आईची दहा वर्षं त्याला आठवत होती, म्हणून त्याने तिला पुन्हा आग्रह केला नाही. स्टेशनवर ती आली नाही. वडिलांच्या जेवणाची वेळ होती.

परत आल्यावर त्याने मेळात निम्मी कारिन्याँ घातली, रोकनेग्रमध्ये इतकी कुणी घातल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. पेला मादामसमोर ठेवला. त्यांनी दोनदा चाखली आणि म्हणाल्या, "माझे सासरे असली करायचे. कशी करायचे ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही." जरा वेळाने विचारलं, "टेकडीचीच ना ही?"

"टेकडीचीच."

तो अर्ज मग त्यांनी कधी भरला नाही.

आता दर रविवारी तो तिला पत्र लिहू लागला. सुरुवात ठरलेली: कशा आहात? तीही लिहायची, कधी पानभर, कधी दोन ओळी. आज वडील हसले. आज गुडघा बरा आहे. तुमच्या पत्रात छाटणीचंच जास्त आणि तुमचं कमी, असं चालणार नाही. मग तो स्वतःबद्दल लिहायला शिकला, की सकाळी एकट्याने कॉफी घेताना दुसरा पेला उगाच काढला जातो. भेटायला दोनदा गेला, दोन्ही वेळी दोन दिवसांत परतला. तिच्याकडे दोन दिवसांपेक्षा जास्त मोकळा वेळ नसे, आणि तिला दमवायला त्याला आवडत नसे. अशी साडेपाच वर्षं गेली.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात, टेकडीवर तोडणी चालू असताना, पोस्टाच्या बाई गाडी थांबवून पाकीट देऊन गेल्या. त्याने ते वेलींमध्ये उभ्यानेच फोडलं.

"वडील मंगळवारी गेले. शांतपणे गेले. घर फार मोठं वाटतंय. अंपारो."

पत्र खिशात घालून तो खाली उतरला. मादाम अंगणात आलेली द्राक्षं बघत होत्या.

"मला रजा हवीय."

"तोडणीत?" मादामना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "फुल्क्राँ, पिंपं कोण बघणार?"

"मादाम, तळघर सांभाळायला लागून वीस वर्षं झाली. तोडणीत एकदाही रजा मागितली नाही."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या हातांना अजून रस लागलेला होता.

"किती दिवस?"

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला आणि हात धुवायला नळाकडे गेला.