डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी

मुलांच्या लिहिण्याला कोणी 'रेघोट्या' म्हटलं, की बालवाडीच्या बाईंचं डोकं फिरायचं. "रेघोट्या नाहीत त्या, लिहिलंय त्यांनी," असं त्या पालकांनाही फाडकन सुनावायच्या. पाटी पुढे केली की भोकाड पसरणारी पोरं बाईंच्या खोट्या दवाखान्यात मात्र मान वर न काढता चिठ्ठ्या खरडत. कोपऱ्यात एक बाक, तुटका स्टेथोस्कोप, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल, प्रत्येक मुलाच्या खुणेचा शिक्का आणि कागदांचा गठ्ठा, एवढाच पसारा. लिहून झालं की मूल बोट फिरवत वाचून दाखवणार, आणि बाई खाली बारीक अक्षरात ते शब्द जसेच्या तसे उतरवून तारीख घालणार. शुक्रवारी सगळ्या चिठ्ठ्या दप्तरातून घरी. या पद्धतीचा बाईंना भारी अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

त्या गुरुवारी डॉक्टरच्या खुर्चीत मुंगी बसली होती. साडेचार वर्षांची, वर्गातली सगळ्यात लहानखुरी, म्हणून मुंगी. तिनं बाहुलीला तपासलं, चिठ्ठीवर चार नागमोडी ओळी ओढल्या आणि आपली खूण म्हणून कोपऱ्यात मुंगीचा शिक्का मारला.

"वाचा बघू, डॉक्टरीणबाई," बाई म्हणाल्या.

मुंगीनं ओळींवरून बोट फिरवलं. "बाबांनी आईला भिंतीवर आपटलं. रक्त आलं. गोळी घ्यायची. रडायचं नाही. कोणाला सांगायचं नाही."

बाईंचा हात सवयीनं लिहीत गेला. शेवटचा शब्द उतरवून झाला तेव्हा कुठे आपण काय लिहिलं ते त्यांनी वाचलं.

तेवढ्यात एका मुलाला उलटी झाली आणि बाई तिकडे धावल्या. चिठ्ठी गठ्ठ्यावरच राहिली. तेही एक वेळ चाललं असतं. पण पुढे अख्खी दुपार हाताशी होती, मोठ्या बाईंची खोली चार पावलांवर होती. बाईंनी काय केलं? विचार केला! लेकरू काहीबाही बोलतं, उगाच कोणाच्या संसारात लुडबुड कशाला, शिवाय मुंगीचे बाबा किती सज्जन माणूस. चष्म्याच्या दुकानात नोकरी, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. उद्या बघू, असं म्हणत बाई घरी गेल्या.

शुक्रवारी मदतनीस मावशींनी नेहमीप्रमाणे शिक्के बघून चिठ्ठ्या दप्तरांत भरल्या. मावशींना वाचता येत नव्हतं, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. बाई मोठ्या बाईंकडे जायला धीर गोळा करत होत्या, तोवर सुटीची घंटा झाली. त्यांनी गठ्ठा उचलला, तर कागद सगळे कोरे.

त्या धावत फाटकाशी पोहोचल्या तेव्हा मुंगीचे बाबा उभ्या उभ्या चिठ्ठी वाचत होते. घरी नेण्याआधी वाचत जा, ही सवय बाईंनीच सगळ्यांना लावली होती. बाबांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि ते हसले.

"चांगलं बोलतं केलंत हो तिला. खालचं अक्षर तुमचं ना? सुरेख आहे."

"थांबा जरा, मोठ्या बाईंना भेटून..."

"सोमवारी भेटू," असं म्हणून त्यांनी मुंगीचं मनगट धरलं. मुंगी मागे वळून बाईंकडे बघत गेली.

मग सगळी धावपळ झाली. मोठ्या बाईंनी पोलिसांना फोन केला, पोलीस गेलेही. मुंगीच्या आईनं दार अर्धवट उघडून सांगितलं, आमच्याकडे सगळं ठीक आहे, पोरीला गोष्टी रचायची खोड आहे. चिठ्ठी? कसली चिठ्ठी? पोलीस हात हलवत परतले.

मुंगी शाळेत आली ती थेट पुढच्या गुरुवारी. सोडायला आई होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता.

"ताई, आत या, आपण बोलू," बाई म्हणाल्या.

"तुम्ही लिहिलंत तेवढं पुरे झालं, बाई. हात जोडते, तिला आता काही लिहायला देऊ नका." आणि ती निघून गेली.

मुंगी मात्र सवयीनं दवाखान्यात जाऊन बसली. तिनं पेन्सिल घेतली, चार ओळी ओढल्या. शिक्का नाही मारला. बाई शेजारी टेकल्या. हा कागद कोणाच्या हाती द्यायचा, हे या वेळी त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

"वाचा बघू, डॉक्टरीणबाई."

मुंगीनं दाराकडे बघितलं. मग बाईंच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं आणि कागदावर पंजा ठेवला.

"काही नाहीये," ती म्हणाली. "रेघोट्या आहेत नुसत्या."

बाईंनी कोपऱ्यात तारीख घातली. पुढे लिहायला काही नव्हतं.