टाकीतलं पेट्रोल

म्हातारी पुन्हा चढावर बसली. म्हातारी म्हणजे बाबांची जुनी जीप. गॅसवरही चालायची, पेट्रोलवरही, आणि वेळ आली की चारही चाकांनी ओढायची. मागे ट्रेलर जोडायचा, त्यावर मधमाश्यांच्या पेट्या चढवायच्या आणि डोंगरावर फुलांपर्यंत न्यायच्या, हे तिचं वर्षातलं एकच मोठं काम. तेवढंही आता तिला होईना. निम्म्या चढावर ती धापा टाकायला लागली तसं अक्काने बटण गॅसवरून पेट्रोलवर टाकलं, तर ती एकदा खोकली आणि गप्पच झाली. मग काय, ब्रेकवर पाय रोवून, ट्रेलर तिरका होऊ न देता, अक्का रडतखडत मागे मागे उतरली. खाली सपाटीला लागल्यावर तीच म्हातारी गॅसवर अशी गुमान घरी आली की जणू काही झालंच नाही.

अक्काने पेट्या अंगणात जागच्या जागी ठेवल्या आणि दारं उघडली. माश्या बाहेर आल्या, घिरट्या घालून रिकाम्या परतल्या. खाली फुलं संपली होती. वर डोंगरावर नुकती उमलली होती, आणि तो बहर काही कुणासाठी थांबणारा नव्हता. गेल्या वर्षी बाबा गेले, त्या दुःखात अक्काने पेट्या हलवल्याच नाहीत. साखरेच्या पाण्यावर जगवल्या, तरी निम्म्या पेट्या ओस पडल्या. उरलेल्या याही वर्षी खालीच राहिल्या तर बाबांचं आयुष्यभराचं काम तिच्या हातून संपणार होतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी धाकटा भाऊ आला. गॅरेज चालवायचा तो. लहानपणी घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून ठेवायचा, म्हणून बाबांनी त्याचं नाव खुडबुड्या पाडलं होतं. त्याच वयात एक माशी चावून त्याच्या तोंडाचा भोपळा झाला होता. तेव्हापासून तो पेट्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे, आणि डोंगरावर तर कधी गेलाच नाही. आत्तासुद्धा त्याने जीप आधी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, मगच बॉनेट उघडलं.

प्लग काढून पुसले, वायरी बदलल्या, गॅसच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गॅसचं काही बिघडलेलं नाही. वय झालंय, एवढंच. सपाटीला पळेल. एवढं ओझं घेऊन तो चढ गॅसवर नाही चढायची."

"बाबा असताना चढायची."

"मग बाबांनाच विचारायला हवं होतं," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. नंतर टाकीचं झाकण उघडून त्याने वास घेतला आणि नाक मुरडलं. "अक्का, हे पेट्रोल कधीचं आहे?"

अक्का जीपच्या सीटवरची नसलेली धूळ झटकत राहिली.

"बाबांनी भरलेलं," ती शेवटी म्हणाली. "शेवटचं. ते काढायचं नाही. पेट्रोल राखून ठेवायचं, अडीअडचणीला लागतं, असं म्हणायचे ना ते? मी राखलंय."

"राखून राखून नासलंय ते. तू बटण पेट्रोलवर टाकलंस आणि हा गाळ इंजिनात गेला. म्हणून तर बसली."

"तरी काढायचं नाही," अक्का म्हणाली, आणि तरातरा जाऊन जीपच्या मागच्या सीटवर बसली. रागावली की लहानपणापासून तिची हीच जागा. बाबांनी हातांनी शिवलेल्या त्या गोधडीसारख्या मऊ सीटवर, दरवर्षी डोंगरावर जाताना, ती निघाल्यापासून वर पोचेपर्यंत झोपायची. आदल्या दिवशी पेट्या बंद करून जीव थकलेला असायचा. बाबा एकटे चालवायचे. तो रस्ता तिला उघड्या डोळ्यांनी असा माहीतच नव्हता.

बाहेर खुडबुड्याचा पाना टकटक वाजत होता. उन्हाने सीट कोमट झाली होती. अक्काचा डोळा लागला आणि जीप चालू लागली. बाबांची पाठ दिसली, मानेवरची सुरकुती दिसली. चाकांखाली रस्ता इतका मऊ होता की गाडी पाण्यावरून चालली आहे असं वाटावं. मग कुठेतरी टक झालं आणि सगळा आवाज गेला. त्या शांततेत नुसत्या माश्या गुणगुणत होत्या, मागे ट्रेलरवर, अगदी कानाशी. किती बरं वाटत होतं. एवढ्यात इंजिन पुन्हा बोलू लागलं, पण आता जाड्या आवाजात, आणि तिचं डोकं हळूच मागे घसरून सीटला टेकलं.

ती दचकून उठली.

"खुडबुड्या," ती म्हणाली, "दरवर्षी एका ठिकाणी इंजिन गप्प व्हायचं. पुरता श्वास घेण्याइतका वेळही नाही. नुसत्या माश्या ऐकू यायच्या. मग आवाज बदलायचा."

तो पाना हातात धरून तसाच उभा राहिला. "गॅस बंद केला आणि पेट्रोल अजून पोचलेलं नसलं, तर तेवढाच वेळ गप्प होईल. कुठे व्हायचं हे?"

"त्यानंतर लगेच माझं डोकं मागे जायचं."

"म्हणजे चढ लागायचा," तो हळूच म्हणाला. "ते आधीच बदलायचे गं, सपाटीवर असतानाच. चढ पेट्रोलवर चढायचे, दरवर्षी."

अक्काला कुठे तोंड लपवू असं झालं. अडीअडचण म्हणजे काहीतरी मोठं, घरावर कोसळणारं, असं ती धरून बसली होती. बाबांची अडचण म्हणजे तो समोरचा चढ होता. त्यासाठी ते भरायचे आणि त्यासाठी जाळायचे.

"काढ ते," ती म्हणाली.

त्याने टाकीची नळी सोडली, अक्काने खाली डबा धरला. कोऱ्या चहाच्या रंगाचं पेट्रोल आलं, रोगणासारखा जुना वास सुटला, आणि अक्का रडली. चांगली हुंदके देऊन रडली. खुडबुड्याने तिच्या खांद्यावर ऑइलचा हात ठेवला आणि विचारलं, बाटलीभर बाजूला ठेवू का, आठवण म्हणून.

"नको," ती डोळे पुसत म्हणाली. "नासलंय ते."

कार्ब्युरेटर उघडून, धुऊन, पुन्हा बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. माश्या घरी परतल्यावर अक्काने पेट्या बंद केल्या.

पहाटे ती चालवायला बसली. खुडबुड्याही आला, गळ्यापर्यंत शर्टाची बटणं लावून आणि काचा वर करून. "गाडी अडली तर कोण बघणार? नाहीतर मला हौस नाही," असं तीनतीनदा सांगत. पंपावर त्याने विचारलं, किती टाकायचं. अक्का म्हणाली, टाकी भर.

गावाबाहेर पडेपर्यंत तो मागे वळून वळून ट्रेलरकडे पाहत होता. मग त्याचा आवाज थांबला. उजाडत होतं, शेतांवर धुकं होतं, आणि म्हातारी गॅसवर संथ चालली होती. समोर पाण्याची टाकी दिसली आणि तिच्यामागे चढ सुरू होताना दिसला. अक्काने बटणावर अंगठा ठेवला आणि सांगायला शेजारी वळली, की ऐक, आता ऐकू येतील.

खुडबुड्या झोपला होता. काल दिवसभर वाकून त्याची पाठ मोडली होती. तोंड उघडं, हात मांडीवर, नखांत काळं तसंच.

इतक्या वर्षांत बाबांनी हे बटण तिला एकदाही का दाखवलं नाही, ते अक्काला तेव्हा कळलं. दाखवायचं तर तिला उठवावं लागलं असतं.

तिने अंगठा हलकेच दाबला. इंजिन गप्प झालं. मागे माश्या गुणगुणत होत्या. मग म्हातारी जाड्या आवाजात बोलू लागली, चढ लागला आणि खुडबुड्याचं डोकं हळूच मागे घसरून सीटला टेकलं. अक्काने त्याला उठवलं नाही.