पट्टी मारलेलं बटण

मी गाण्याचा खोका बोलतोय. आजवर माझ्यातून इतरांचेच आवाज निघाले. आज पहिल्यांदाच माझा स्वतःचा निघतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या. मला टीव्हीला जोडलं की पडद्यावर गाण्याचे शब्द उमटतात, वाद्यं वाजू लागतात, आणि माइक ज्याच्या हातात असेल तो गातो. गाणं संपलं की मी शंभरपैकी गुण देतो. त्या गुणांबद्दल मला एक कबुली द्यायची आहे, पण ती पुढे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, तो मला फारसा आठवत नाही. आठवते ती हाँगकाँगमधल्या एका दुकानाची फळी आणि माझ्यासमोर उभी असलेली रोवेना. ती तिथे एका म्हातारीची शुश्रूषा करायची. तिनं मला तीनदा लावून पाहिलं, दुकानदाराचे कान किटवले आणि म्हणाली, "माझ्या बापाचा आवाज पेलेल ना हा? नाही, आधीच विचारलेलं बरं. त्यांनी दोन रेडिओ फोडलेत."

मग साबण, कॉफी, चॉकलेटं आणि जुन्या टॉवेलांच्या मधोमध, तिनं घरी धाडलेल्या पेटीत बसून मी समुद्र ओलांडला आणि फिलिपिन्समधल्या लुसेनाला पोहोचलो.

रोवेनाचा बाप, मांग सांतो (तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला आदरानं 'मांग' म्हणतात, बाईला 'अलिंग'), जीपच्या थांब्यावर प्रवासी भरायचा. "सारियाया, सारियाया! तायाबास! पाग्बिलाओ, अजून दोघं, अजून दोघं!" दिवसभर हीच आसपासच्या गावांची नावं. जीप भरली की चालक त्याच्या हातावर चार नाणी ठेवायचा. त्याचा आवाज चर्चच्या घंटेसारखा होता, असं सगळे म्हणत. शेजारचा मांग काद्योंग मात्र म्हणायचा, "घंटा कसली? घंटा निदान तासातून एकदा वाजते. हा थांबतो कधी?"

रविवार हा आमचा दिवस. त्या दिवशी रोवेनाला सुट्टी असे. हाँगकाँगच्या एका पुलाखाली पुठ्ठे अंथरून ती मैत्रिणींबरोबर बसे आणि दुपारी फोन लावी. इकडे सांतोची बायको, अलिंग फेली, फोन टीव्हीकडे तोंड करून उभा करायची, म्हणजे लेकीला गाण्याचे शब्दही दिसावेत आणि गुणही. सांतो उभा राहून गायचा. पुलाखालच्या पाचसहा बायका तिकडून टाळ्या वाजवायच्या. रोवेना बापाला ताताय म्हणायची, आईला नानाय.

"शहाण्णव!" रोवेना ओरडायची. "ताताय, खोक्याला लाच दिलीत का?"

"त्याला ऐकू येतं, पोरी. तुझ्या आईसारखं नाही."

"मला ऐकू येतं म्हणूनच स्वयंपाकघरात बसते," फेली आतून सांगायची.

अशी तीन वर्षं गेली. मी सुखी होतो. आवाज समुद्रापलीकडे पोहोचवणं याहून मोठं काम यंत्राला काय असणार!

मग एका ऑक्टोबरात सांतोनं गाणं म्हटलं आणि पडद्यावर एकसष्ट उमटले.

"ताताय, आवाज येत नाहीये," रोवेना म्हणाली. "नुसती वाद्यंच ऐकू येतायत. माइक बिघडलाय वाटतं."

"बिघडलाच असणार," सांतो म्हणाला. "तीन वर्षं झाली त्याला."

त्या आठवड्यात माझ्यावर जे उपचार झाले ते मी विसरणार नाही. फेलीनं माइकमधले सेल काढून पत्र्यावर उन्हात वाळत घातले. ते ऊन खाऊन परत आले, फरक शून्य. मग नवे आणले. फरक शून्य. माइकची जाळी उघडली, तर आत भाताची दोन शितं आणि सुक्या मासळीचा वास. ती ब्रशनं घासली. कुणी माझ्या पाठीत दोन थपडा घातल्या. प्रत्येक उपचारानंतर सांतो माइक तोंडाशी धरून म्हणायचा, "पाग्बिलाओ, पाग्बिलाओ..." आणि कर्ण्यातून कुजबुजल्यासारखं काहीतरी यायचं.

शनिवारी काद्योंग आला. "आण इकडे. तुम्हाला नीट धरतासुद्धा येत नाही." त्यानं माइक घेतला आणि एका जुन्या गाण्याची पहिली ओळ म्हटली.

पत्रे थरथरले. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

काद्योंग दुसऱ्या ओळीपर्यंत गेलाच नाही. त्यानं माइक हळूच टेबलावर ठेवला आणि खिशात रुमाल शोधत बसला. फेली सांतोकडे बघत राहिली. माइक उत्तम होता. हे खोलीतल्या तिघांनाही कळलं आणि मलाही.

"रेड्याचा घसा आहे तुझा," सांतो म्हणाला. तेव्हा मला आठवलं, गेले दोन महिने हा माणूस थांब्यावर गेलाच नव्हता. गुडघे दुखतात, असं सांगत होता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी घशातल्या गाठीला तिचं खरं नाव दिलं.

"तिला कळवू या," फेली म्हणाली.

"करार मोडून येईल ती. सात महिने राहिलेत. मोडला तर तिला पुन्हा तिथे कुणी ठेवून घेणार नाही."

"बाप आहात तुम्ही तिचे."

"म्हणूनच सांगतोय. शपथ घे. काद्योंग, तूसुद्धा."

दोघांनी घेतली. माझ्याकडून शपथ घेण्याची कुणाला गरज वाटली नाही. मला वापरलं की झालं.

माझ्या अंगावर तीन बटणं आहेत. एक वाद्यांचं, एक माइकचं, एक घुमाऱ्याचं, म्हणजे आवाज घुमवणारं. फेलीनं वाद्यं खाली आणली, माइक शेवटपर्यंत वर नेला आणि दोन शब्दांमधला श्वास ऐकू येऊ नये म्हणून घुमारा वाढवला. कुणाच्या धक्क्यानं ते हलू नये म्हणून माइकच्या बटणावर चिकटपट्टी मारली. घरात दुसरी नव्हती, म्हणून गाठ तपासताना डॉक्टरांनी नवऱ्याच्या गळ्यावर छेद घेतला होता, त्या जखमेवर लावायची ती पांढरी पट्टी. सांतो आता माझ्याकडे पाठ करून कोपऱ्यात बसे, माइक ओठांना चिकटवून. फोन नेहमीसारखा टीव्हीकडे तोंड करून.

आणि मी गुण दिले. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

हीच ती कबुली. मला गाण्यातलं काही कळत नाही. आवाज किती मोठा आहे आणि ओळ वेळेवर संपते का, एवढंच मी मोजतो. ज्या रविवारी सांतोला पाणीसुद्धा गिळवेना, त्या रविवारी मी त्याला शंभर दिले.

"ताताय!" रोवेना आनंदानं ओरडली. "तुमचा आवाज आधीपेक्षा सुधारलाय!"

त्यानं माइक बंद केला आणि मग रडला. क्रम बघा. आधी माइक बंद केला.

करार संपायला दोन महिने असताना सांतो गेला. रोवेना नऊ दिवसांची रजा घेऊन आली. "शेवटी फार पटकन झालं," फेलीनं तिला सांगितलं, आणि लेक परत गेली.

मग वर्षभर घरात गाणं नव्हतं. आमच्याकडे तसंच असतं. काळे कपडे आणि बंद खोका. वर्ष भरलं की प्रार्थना होते, शेवयांचं जेवण होतं, काळे कपडे उतरतात आणि घराला पुन्हा गायची मोकळीक मिळते. त्या दिवसासाठी रोवेना आली.

जेवणं झाल्यावर तिनं माझ्यावरची धूळ पुसली. "तातायचं गाणं मी म्हणणार." ती माझ्यासमोर उभी राहिली, माइक चालू केला, आणि मी असा किंचाळलो की पाहुण्यांनी कान झाकले.

"आवाज कमी कर!" कुणीतरी ओरडलं. "माइक बिघडलाय!"

"बिघडला नाही," काद्योंग म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

रोवेना वाकली. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, वर ती पट्टी. अशा पट्ट्या ती रोज एका म्हातारीच्या अंगावर लावते, काढते. तिनं नखानं पट्टीची कड उचलली आणि तशीच थांबली.

"नानाय, ही पट्टी कसली?"

फेली ताटं गोळा करत राहिली.

"नानाय. कधीपासून?"

"ऑक्टोबर," फेली म्हणाली. "तू म्हणालीस ना, माइक बिघडलाय म्हणून. तेव्हापासून."

रोवेना जमिनीवर बसली. मग म्हणाली, "तिथली आजी झोपेत कूस बदलते ना, तिच्या श्वासावरून मला कळतं, आज तिला बरं नाही. परक्याच्या आईचं कळतं मला. आणि मी माझ्या बापाला टाळ्या वाजवत होते."

"त्यांना त्या आवडायच्या," फेली म्हणाली.

त्या दिवशी कुणी गायलं नाही. पट्टीची कड रोवेनानं अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवली.

ती हाँगकाँगला परतलीय. मी फळीवर आहे, फेलीनं विणलेल्या जाळीदार रुमालाखाली. परवा रविवारी फोन आला तेव्हा फेलीची बोटं सवयीनं माझ्या खटक्याकडे वळली.

"त्याला लावू नकोस, नानाय," पलीकडून रोवेना म्हणाली. "फोन तोंडाजवळ धर. नुसती बोल."

"काय बोलू?"

"काहीही. काय शिजवलंस ते सांग."

फेली सांगू लागली. मध्येच तिला ठसका लागला. अगदी लहानसा, माझ्या मापात न येणारा.

"हा खोकला कधीपासून आहे?" रोवेनानं विचारलं.

फेलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "सोमवारपासून," ती म्हणाली.

माणसांनो, तुमची माणसं लांब असतील तर मला विकत घ्या, खुशाल गा. फक्त गाणं संपलं की मला बंद करा आणि पलीकडच्याचा आवाज काही न लावता ऐका. बारीक येत असेल तर लगेच माइकची जाळी उघडू नका. आधी त्याला विचारा, तू बरा आहेस ना.

मी इथे गप्प बसून आहे. माझं बटण अजून शेवटपर्यंत फिरवलेलंच आहे.