कापून टाकलेलं हसू

फाल्गुन सरत आला होता. गंगेवरून येणारा वारा ताम्रवर्णी धुळीने जड झाला होता आणि महानगरावर एक पिंगट, ज्वरग्रस्त प्रकाश पसरला होता. पळस फुलला होता, काटेसावर फुलली होती, भिंतीही फुलल्या होत्या: लाल अक्षरांनी, काळ्या अक्षरांनी, अक्षरांवर फासलेल्या डांबराने. ट्राम निघत होत्या, मध्येच थांबत होत्या. दुकानांची दारं दिवसाढवळ्या अर्धीच उघडी असत, कारण ती कधी ओढून घ्यावी लागतील याचा नेम नव्हता.

त्या दिवसांत कलकत्त्याच्या आयांना पावलं ओळखू येऊ लागली होती. जिन्यावरचं पाऊल शेजाऱ्याचं की पोलिसाचं, हे त्या चुलीपाशी बसून सांगत. मात्र ज्या एका पावलासाठी त्यांचे कान जागे असत, ते काही वाजत नसे.

कनकलता चाकलादार त्यांतलीच एक. तिचा नीलू, एकोणीस वर्षांचा, क्रांतीच्या ध्यासाने कॉलेज सोडून, घर सोडून, नाव बदलून या नगराच्या अंधारगर्भात कुठेतरी नाहीसा झाला होता. पोलिसांकडे त्याचं नाव होतं, पण चेहरा नव्हता. झडती येणार हे कळताच तिने घरातला त्याचा एकूण एक फोटो चुलीत घातला होता. उष्टावणाचासुद्धा.

आणि आता तोच चेहरा टॉलीगंजच्या एका स्टुडिओत, चित्रपटाच्या फितीवर होता.

दिग्दर्शक प्रियतोष गुहराय याला खोटी गर्दी चालत नसे. पैसे देऊन आणलेली माणसं घोषणा देतात, पण त्यांच्या मानेच्या शिरा फुगत नाहीत, असं तो म्हणे. म्हणून पौषातल्या एका धूम्रवर्णी सकाळी त्याने मिठाईच्या दुकानाच्या माडीवर कॅमेरा लपवला आणि खराखुरा मोर्चा टिपला. हुशार माणूस, पण हुशार माणसांचं हे असंच. सत्य पकडण्याच्या नादात आपण माणूस पकडून देतोय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लपलेल्या मुलाने मोर्चात कशाला यावं, असं तुम्ही विचाराल. एकोणिसाव्या वर्षी हे कोण कुणाला विचारतं?

त्या चित्रपटात दोन वाक्यांचं काम करणारी काजरी कनकलताच्या शेजारी राहायची. स्टुडिओत तो तुकडा पाहून ती धावतच आली होती. “मासीमा, आपला नीलू हसतोय हो! अगदी कॅमेऱ्याकडे बघून.”

संकलनाच्या खोलीत भर दुपारी काळोख होता. काळे पडदे, काळं यंत्र, दोरीवर लोंबणाऱ्या काळ्या फिती, आणि त्या साऱ्या काळिम्यात शुभ्रकेशी संकलक ननीबाबू. कनकलताला खुर्ची दिली, तरी ती उभीच राहिली.

“माझ्या मुलाचं तेवढं काढून टाका, बाबा,” ती प्रियतोषला म्हणाली. “चित्रपट लागला की पोलीसही येतील. सगळ्यांच्या पुढे बसून बघतील.”

क्रोधाच्या, रक्ताच्या, राखेच्या त्या चित्रपटात तेवढंच एक हसू होतं, आणि त्यावर प्रियतोषचा सगळा जीव होता. “आधी एकदा बघा तरी,” तो कसाबसा म्हणाला.

चाक फिरलं. छोट्याशा चौकोनात उजेड थरथरला. मुठी आल्या, ध्वज आले, ओरडणारी तोंडं आली, आणि मग तो आला. रोडावलेला, गालांत खळगे पडलेला, हनुवटीवर कोवळी दाढी. अंगात भलत्याच कुणाचा तरी ढगळ स्वेटर. त्याने मान वळवली, कपाळावरचे केस मागे सारले, वर पाहिलं, आणि हसला. हसला आणि गेला.

“पुन्हा लावा,” कनकलता म्हणाली.

पुन्हा मुठी, पुन्हा ध्वज, पुन्हा ते कृष्णधवल हसू.

“कोपराला रफू आहे,” ती पुटपुटली. “कुणीतरी करून दिलंय. कुणीतरी त्याचं हवं-नको बघतंय. पुन्हा लावा.”

हसू पुसायला आलेली ती बाई तहानेल्यासारखी ते हसू पीत होती. ननीबाबू चाक उलटं फिरवत होते, सुलटं फिरवत होते आणि तिच्याकडे न बघता डोळे टिपत होते.

अखेर तीच म्हणाली, “बास.”

टाकायच्या तुकड्यावर लाल पेन्सिलीने फुली मारायची, ही त्या खोलीची रीत. ननीबाबूंनी फीत उजेडात धरली. पेन्सिलीचं टोक नीलूच्या चेहऱ्यावर टेकणार, तोच तिने त्यांचं मनगट धरलं.

“तोंडावर फुली नको.”

ननीबाबूंनी पेन्सिल खाली ठेवली. फुली न मारता त्यांनी आजवर एकही तुकडा कापला नव्हता.

तेव्हा प्रियतोषला राहवलं नाही. “मासीमा, रोज पहाटे कालव्याकाठी मुलं सापडतायत. समजा... तो आता नसेलच, तर? मग या जगात त्याचं एवढंच उरलंय. तेही पुसून टाकायचं?”

क्रूर बोलणं होतं ते. खरं असेलही, पण आईपुढे बोलायचं नव्हतं.

कनकलताचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर कुठेतरी ट्रामची घंटा वाजली आणि विरली. यंत्रातला उजेड तिच्या हातांवर पडला होता.

“तो नसेल तर ठेवा, असंच ना?” ती म्हणाली. “मग कापाच. मी ठेवा म्हटलं, तर मीच त्याला मेला म्हटल्यासारखं होईल. तो आहे, बाबा. आहे म्हणूनच कापा.”

कात्री चालली. फितीतून चालली, मूळ निगेटिव्हमधूनही चालली, आणि ते निगेटिव्ह प्रियतोषने स्वतः आणून दिलं. अंगणात लोखंडी बादलीत जाळ केला. ननीबाबूंनी नखाएवढा एक तुकडा बाजूला काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, उन्हाकडे धरून पाहिला, ओठांना लावला, आणि जाळात टाकला. घरी झडती येत असे. मग ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि हमसून हमसून रडली.

चित्रपट शरदात लागला, दुर्गापूजेच्या ऐन तोंडावर. आकाश नीलधवल झालं होतं आणि नदीकाठी कासगवताचे पांढरे तुरे डोलत होते. थिएटरात कनकलता पुढच्या स्वस्त खुर्चीवर बसली. तिच्या शेजारी दोन माणसं होती. ती दोघं रडत नव्हती, हळहळत नव्हती. पडद्यावरचा एकेक चेहरा निरखत होती.

मोर्चा आला. मुठी आल्या, ध्वज आले, ओरडणारी तोंडं आली. आणि जिथे त्याने मान वळवली होती, तिथे ट्रामच्या तारांवरचं रितं, राखाडी आकाश आलं. शेजारच्या माणसाने जांभई दिली.

कनकलताने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. घराबाहेर पडणाऱ्या लेकराच्या पाठीमागे उंबऱ्यात उभी राहून बंगाली आई जे म्हणते, तेच ती त्या आकाशाकडे बघत ओठांतल्या ओठांत म्हणाली. आकाश हळूच सरकलं, मोर्चा पुढे गेला, आणि ती म्हणत राहिली: दुग्गा, दुग्गा.