वाफेचा आकडा

अण्णांचा आमरसाचा कारखाना भाट्याच्या पुलापलीकडे होता. रस भरून बंद केलेले डबे मोठ्या लोखंडी टाकीत वाफेवर ठेवायचे, म्हणजे ते वर्षभर टिकत. वाफ किती द्यायची ते जुना कामगार महिपत टाकीवरच्या थर्मामीटरकडे बघून ठरवत असे. अठ्ठ्याऐंशी सालच्या हंगामाआधी अण्णांच्या सुनेनं, हेमानं, हे काम कॉम्प्युटरकडे सोपवलं. ती मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. मालाची तपासणी तिच्याकडे होती, आणि अण्णांच्या मागे लागून पुण्याहून यंत्र आणवलं होतं तेही तिनंच. पडद्यावर हिरवे आकडे उमटत, वाफेचा व्हॉल्व्ह आपसूक उघडे, आपसूक मिटे. आता थर्मामीटर कशाला, म्हणून तिनं तो उतरवून ठेवायला सांगितला. महिपतला डबे रचायला घातलं.

हंगाम जोरात सुरू झाला. वीज मधूनमधून जायची, यायची. पडदा विझायचा, पुन्हा लागायचा आणि आकडा पहिल्यासारखा जागेवर असायचा. हेमाला त्याचं कौतुकच वाटे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मुद्दाम दाखवायला नेई.

मे महिना सरत आला तेव्हा लेबलं लावणारी गोदा एक डबा घेऊन तिच्याकडे आली.

"वहिनी, ह्याचं टोपण वर आलंय. मागं अजून हायत असले."

हेमा गोदामात गेली. रांगेतले बरेच डबे फुगले होते. एक फोडला तर आंबूस वास नाकात शिरला. तिनं टाकीवर थर्मामीटर परत बसवायला लावला. पडद्यावर आकडा जिथल्या तिथे होता आणि पारा त्याच्या कितीतरी खाली.

पुण्याचा इंजिनियर आला. त्यानं टाकीच्या तोंडाशी सुटलेली वायर दाखवली. टाकीकडून नवा आकडा आला नाही की यंत्र शेवटचा आकडाच दाखवत राही. टाकी तापलीच आहे असं समजून ते वाफ बंद करी. वायर कधी सुटली ते त्यालाही सांगता येईना.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी विषय काढला. फुगलेले डबे टाकून देऊ, पण बाकीचे तर चांगले दिसताहेत, ते बाजारात जाऊ द्यावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस कनवाळू, पण हंगाम हातचा जाताना दिसत होता.

"चांगले दिसतात एवढंच," हेमा म्हणाली. "आत काय आहे ते मला सांगता येत नाही. उद्या कुणाच्या पोरानं खाल्लं तर?"

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग उठून झोपायला गेले. सकाळी कारखान्यामागच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत त्यांनीच खड्डा खणायला घेतला. हंगामाचा सगळा माल त्यात गेला. डबे फोडून ओतताना कामावरच्या बायका पदर नाकाला लावून उभ्या होत्या. हेमा शेवटचा डबा जाईपर्यंत तिथून हलली नाही. रडलीही नाही. घरी आल्यावर मात्र दोन दिवस तिला आमरसाचा वास सहन होईना.

कॉम्प्युटर तिनं काढला नाही. दर खेपेला पडदा आणि पारा दोन्ही बघायचे आणि जुळले तरच डबे बाहेर काढायचे, असा नियम केला. आठवड्यातून एक दिवस यंत्र बंद ठेवून सगळं काम हातानं करायचं, म्हणजे सवय मोडायला नको. महिपत पुन्हा व्हॉल्व्हपाशी आला. बायका कुरकुरल्या, अण्णाही कुरकुरले.

पुढच्या हंगामात, ऐन आंब्याच्या रेट्यात, दोन आकडे जुळेनात. हेमानं काम थांबवलं. अंगणात पिकल्या आंब्याच्या पेट्या लागलेल्या. अण्णा तरातरा आले.

"चुकतंय कोण? कॉम्प्युटर की पारा?"

"माहीत नाही. म्हणूनच थांबवलंय."

दुपार सगळी शोधण्यात गेली. शेवटी थर्मामीटरच बिघडला होता असं निघालं; नळीत पारा मधेच तुटला होता. यंत्र बरोबर होतं. तोवर उन्हात काही पेट्या हातच्या गेल्या होत्या.

"म्हणजे उगाच थांबलो," अण्णा म्हणाले.

"पुढच्या वेळीही थांबवीन," हेमा म्हणाली आणि नवा थर्मामीटर बसवायला महिपतला हाक मारली.

अण्णांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग चपला पायात सरकवून झाडाखाली बसलेल्या बायकांना बोलवायला ते स्वतःच गेले.