ओनाजितेच्या कमरेची गाठ

ओटोरेमु गावात रात्र होत नाही. म्हणजे सूर्य मावळतो, कोंबड्या खुराड्यात जातात, पण काळोख काही पडत नाही, कारण गावाच्या कडेला कंपनीच्या लोखंडी नळाच्या तोंडाशी आग जळत असते. तेल काढताना त्याच्याबरोबर गॅस वर येतो. तो साठवायचा खर्च कोण करणार, म्हणून सरळ पेटवून दिलेला. ओनाजितेला दुधाचे दात होते तेव्हा ही आग पेटली, आणि आता ओनाजितेच्या तोंडात दात उरले नाहीत तरी ती जळतेच आहे.

या आगीने गावाचं वाटोळं केलं. घरांवरच्या पत्र्यांची चाळण झाली, पन्हाळीचं पाणी काळं येऊ लागलं, केळीची पानं उमलायच्या आधी करपू लागली. आणि खोटं कशाला बोला, याच आगीने गाव जगवलं. बाया कसाव्याचे कंद किसायच्या, पोत्यात भरून धोंड्याखाली दाबून त्याचं पाणी काढायच्या, आणि उरलेली ओली ढेकळं चटयांवर पसरून आगीसमोर ठेवायच्या. या वाळवणाला म्हणतात गारी. पावसाळ्यात बाकीच्या गावांची गारी बुरशी धरून शेळ्यांपुढे जायची. ओटोरेमुची गारी कुडकुडीत वाळून वॉरी शहराच्या बाजारात जायची.

ही युक्ती ओनाजितेच्या आईची. तिच्यामागे आगीजवळची तिची जागा ओनाजितेकडे आली, आणि आता गावात तिच्याहून थोरली बाई उरली नव्हती. वारा कुठून येतोय, कुणी चटई कुठे टाकायची, ढेकळं कधी उलटायची, हे तिने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. कपाळावर कायमचा घाम आणि डोळे कायमचे लाल, हीच त्या बायांची खूण होती.

ओनाजितेच्या पदरी नात होती, रुके. तिची आई लागोसला कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला. तिथे पोर ठेवायची सोय नव्हती. रुके हुशार होती, बोलायला चुणचुणीत होती, पण चार पावलं पळाली की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. वॉरीच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि ओनाजितेला सांगितलं, "आजी, औषध देते, पण खरं औषध एकच. या पोरीला त्या धुरातून बाहेर काढा." ओनाजितेने मान हलवली. काढायची तर कुठे, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. श्वास कोंडला की तोंडात मारायचा पंप त्यांनी लिहून दिला. तो पंप गारीच्या पैशातून यायचा. म्हणजे आग पोरीचा श्वास घ्यायची, आणि तो परत आणून द्यायचा पंपही आगच विकत घ्यायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

एका सकाळी ओकिमुते आगीजवळ आला. गावचाच पोरगा, शिकून कंपनीत लागलेला. कंपनीचं म्हणणं गावाला आणि गावाचं कंपनीला सांगायचं, ही त्याची नोकरी. म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खायची. त्याने तापलेल्या वाळूवर रीतीप्रमाणे गुडघे टेकले आणि नमस्कार केला.

"मिग्वो, आई."

"व्रेन्दो, ऊठ. भाजशील." थोरल्याने व्रेन्दो म्हटल्याशिवाय गुडघे उचलायचे नाहीत, म्हणून ती नेहमीच घाईने म्हणायची.

"बातमी आहे. आग विझणार."

बायांची फावडी थांबली.

"कोण म्हणतं?" एसेच्या आईने विचारलं. ही ओनाजितेची शेजारीण, जिभेने सगळ्या गावाला पुरून उरणारी.

"सरकार म्हणतंय. जगाच्या सभेत शब्द दिलाय आपल्या देशाने. हा धूर वर जातो, सगळ्या पृथ्वीचा ताप वाढवतो."

"पृथ्वीला ताप आला होय! आणि आम्ही इथे भाजत होतो तेव्हा कुठे निजली होती ही पृथ्वी?"

बाया खदाखदा हसल्या. ओकिमुतेही हसला, पण ओशाळून.

"मग गॅस कुठे जाणार?" ओनाजितेने विचारलं.

"नळाने वीजकेंद्राला. देशाला वीज नको का, कारखाने नकोत?"

"आणि नळ कुणाच्या वावरातून?"

"आपल्याच."

"वीज कुणाच्या घरात?"

"आधी शहरात. मग टप्प्याटप्प्याने..."

"मग आमच्या मयताला," एसेची आई म्हणाली. "उजेडात पुरतील तरी!"

"ऐका तर. तुमच्यासाठी वाळवणाची शेड बांधणार आहेत. गॅसवरची. धूर नाही, राख नाही. मी भांडून मंजूर करून घेतलीय."

"कंपनीने नळ दिला होता, त्याला अजून पाणी यायचंय. दवाखाना दिला, त्यात उमुकोरोकाकांच्या शेळ्या व्यातात. आता शेड देतील. तिच्यात काय, डुकरं पाळू?" एसेच्या आईने विचारलं.

आग विझणार हे ऐकताच ओनाजितेला पहिली आठवण रुकेच्या छातीची झाली होती, आणि तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच तिला लाज वाटली. पण भोवती पाहिलं तर कुणाच्या चार पोरी, कुणाचा आंधळा नवरा, सगळ्यांचं पोट त्या चटयांवर पसरलेलं. तिने फावडं उचललं आणि ढेकळं उलटायला लागली.

कंपनीची माणसं आग विझवायची तयारी करायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या बाया ओनाजितेच्या ओसरीवर जमल्या.

"दुसरा उपाय नाही," एसेची आई म्हणाली. "तुला गाठ सोडावी लागेल."

गाठ सोडायची म्हणजे कमरेचं कापड सोडायचं. पुरुषांसमोर, भर दिवसा. ज्या कमरेतून माणूस जन्माला येतो ती थोरल्या बाईने रागाने उघडी करून दाखवली की पाहणाऱ्याचा वंश खुंटतो, आणि त्या जमिनीवर तिने जे करू नका म्हटलं ते करणाऱ्याचे हात झडतात. तरण्या बायांनी कापड सोडलं तर तो नुसता चावटपणा. थोरलीने सोडलं तर तो शाप.

"माझ्या आईने सोडली होती गाठ," ओनाजिते म्हणाली. "ही आग विझवा म्हणून."

"आणि कंपनीचा तो गोरा साहेब महिनाभरात तापाने मेला."

"साहेब मेला. आग नाही मेली."

"कारण दुसरा साहेब आला, आणि त्याला शाप लागू नव्हता. आता आपण उलटं म्हणू. जळू दे म्हणू."

"एसेची आई, माझी रुके..."

"माझी एसे नाही का खोकत? सगळ्यांचीच खोकतात. खोकणारं पोर जेवतं तरी. उपाशी पोर खोकतही नाही."

आतून रुकेच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती, आणि समोर सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना ती शेडची गोष्ट सांगून पाहणार होती. पण त्या कोरड्या नळावर रोज वाळत घातलेले कपडे तिलाही दिसत होते. तिने हो म्हटलं.

सकाळी कंपनीच्या गाड्या आल्या तेव्हा बाया रस्ता अडवून गात उभ्या होत्या. ओनाजिते सगळ्यांच्या पुढे. पहिल्या गाडीतून ओकिमुते धावत उतरला आणि चिखलातच गुडघे टेकून बसला.

"मिग्वो, आई. तुझ्या पाया पडतो. हे करू नको."

तिने व्रेन्दो म्हटलं नाही. तो तसाच चिखलात राहिला. त्याच्यामागे वेल्डर, ड्रायव्हर, मजूर, सगळी आजूबाजूच्या गावांचीच माणसं, गाड्यांच्या आडोशाला सरकली. दोन साहेब मात्र काचेआड नुसते बघत होते.

बायांच्या घोळक्यात कुठेतरी रुके खोकली. एकदा, मग लागोपाठ. ओनाजितेचा हात गाठीवर होता तो थांबला. परत फिरावं, पोरीला उचलावं आणि चालू पडावं, असं तिच्या मनात आलं. पण मागे बायांची भिंत होती. गाणं चढत गेलं. पाठीत एसेच्या आईचा हात होता, ढकलत नव्हता, नुसता होता. ओनाजितेने डोळे मिटले आणि गाठ सोडली.

"जळू द्या!" ती ओरडली. "या आगीला जो हात लावेल त्याचा हात झडो!"

ओकिमुतेने तोंड चिखलात खुपसलं. मजूर वाट फुटेल तिकडे पळाले. गाड्या मागच्या मागे वळल्या. बायांनी ओनाजितेला कापडात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि दुपारपर्यंत नाच झाला. ती खांद्यावर बसून रडत होती, आणि बाया म्हणत होत्या, बघा, म्हातारीला आनंद आवरत नाही.

दोन बाजारांनंतर ओकिमुते तिच्या दारात आला. अंगात कंपनीचा सदरा नव्हता. गुडघे टेकले, मिग्वो म्हणाला. ती पटकन व्रेन्दो म्हणाली, पण तो उठला नाही.

"आई, त्यांना हेच हवं होतं."

"कुणाला?"

"साहेबांना. आग विझवायची म्हणजे यंत्रं, नळ, केवढा खर्च! सरकारने मानगूट धरली होती म्हणून नाइलाजाने निघाले होते. आता वर कळवलंय, आम्ही तयार आहोत, गावच विझवू देत नाही. सोबत त्या सकाळचे फोटो. सरकारने मुदत वाढवून दिली. वर्षानुवर्षं जळेल आता."

"आणि शेड?"

"शेडचं लोखंड वॉरीत येऊन पडलंय. मी स्वतः मोजून घेतलं. पण ते उभं कोण करणार? गॅसच्या नळाला जोड द्यायचा म्हणजे आगीलाच हात लावायचा. या जिल्ह्यात एक वेल्डर तुझ्या शापात पाय टाकायला तयार नाही."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! लांबच्या लोकांनी उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणून ओनाजिते चिडली होती, आणि आपली शेळी तिने स्वतःच लांडग्याच्या दावणीला नेऊन बांधली होती.

ती तडक उमुकोरोकाकांकडे गेली. रुके बोट धरून मागे. काका गावातले सगळ्यात थोरले पुरुष. रीतभात विचारायची तर त्यांनाच.

"काका, शाप परत घ्यायचाय."

"वा! शाप आहे की तोंडातली सुपारी, हवी तेव्हा थुंकली?" काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग त्यांचा स्वर उतरला. "एक वाट आहे, पोरी. सोडणारीहून थोरल्या बाईने तिच्या कमरेला आपल्या हाताने कापड बांधायचं. मग शाप उतरतो."

"थोरली कोण?"

"तेच तर." काका आगीकडे बघत राहिले. "तुझी आई असती तर तिने बांधलं असतं."

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली होती, म्हणजे गावभर तो तांबडा उजेड पसरला होता. ओनाजितेने धूर अडवायला खिडकीला ओलं पोतं लावलं. चुलीवर ताडफळांचं कालवण होतं, ते तिने वाढलं. रुकेने दोन घास खाल्ले आणि तिला ढास लागली. ओनाजितेने पंप हलवून पाहिला. अर्धा होता. तिने तो पोरीच्या तोंडात धरला, पाठ चोळली, आणि श्वास परत येईपर्यंत स्वतःचाही रोखून धरला.

"आजी," थोड्या वेळाने रुके म्हणाली, "तुझ्या आईचं नाव काय होतं?"

"रुकेव्वे. तुला तिचंच नाव ठेवलंय."

"मग मी बांधते ना."

ओनाजितेला आधी समजलंच नाही. पोरीने दोरीवरचं कापड ओढून काढलं, आजीच्या कमरेभोवती फिरवलं, मधे थांबून खोकली, आणि दोन्ही हातांनी टोकं एकात एक खुपसून गाठ मारली. चिमुकली, सैल गाठ. ही रीतीत धरली जाणार नव्हती. काका हसले असते, वेल्डर तर आलेच नसते. सकाळी पुन्हा चटया पसरायच्या होत्या.

"झाला का शाप खलास?" रुकेने विचारलं.

"झाला," ओनाजिते म्हणाली.

रुके तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपली, छातीतली शिट्टी वाजतच राहिली. ओनाजितेचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले, तरी ती हलली नाही. हलली असती तर गाठ सुटली असती.