पाठीमागची खुर्ची

दमयंती मॅडमनी आपली खुर्ची ओढून रामकिसनच्या पाठीमागे टाकली, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

गारखेड्यातल्या त्या छोट्या कंपनीत तो तीन महिन्यांच्या बोलीवर प्रोग्रामर म्हणून लागला होता, आणि बोली याच आठवड्यात संपत होती. कायम झाला तर ठीक. नाहीतर गावी, कन्नडला परत जाऊन थोरल्या भावाच्या दुकानात खताच्या गोण्या उचलायच्या, वर वहिनीचे टोमणे ऐकायचे.

मॅडमनी वर्षभर खपून एक लायब्ररी बांधली होती. पुस्तकांची नव्हे, तयार कोडची. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा आकडा थेट कॉम्प्युटरवर हवा असेल, तर तिथल्या प्रोग्रामरनं ती आपल्या कोडला जोडायची, की झालं. कशी जोडायची ते सांगणारी मदतीची पानंही मॅडमनीच लिहिली होती.

"ही पानं वाचा, लायब्ररी जोडा आणि टेबलावरच्या या छोट्या काट्याचा आकडा स्क्रीनवर आणून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "मी मागे बसते. काही विचारायचं नाही, मी बोलणार नाही."

बोलणार नाही! मग बसायचं कशाला? रामकिसनला सगळं लख्ख दिसलं. मागच्या महिन्यात मॅडम अशाच इथल्या जुन्या प्रोग्रामरच्या, सांडूच्या मागे बसल्या होत्या, आणि आठवड्याभरात सांडूची जागा रिकामी. सांडू म्हणे, मीच सोडली. पण असं तर सगळेच सांगतात.

तो भराभर वाचू लागला. मग वाटलं, उथळ म्हणतील; सावकाश वाचू लागला. मग वाटलं, मठ्ठ म्हणतील. मागून एकदा नुसतं "हं" आलं. ते कसलं, या विचारानं त्याला घाम फुटला.

फोन आला म्हणून मॅडम उठून केबिनमध्ये गेल्या, आणि नेमकी तेव्हाच गाडी अडली. पानावर होतं, 'आता वजन वाचा.' त्यानं कमांड दिली, तर स्क्रीनवर लाल ओळ. पुन्हा दिली, पुन्हा लाल. हा खड्डा मुद्दाम खणलाय, त्यानं ताडलं. पाणी प्यायच्या निमित्तानं तो जिन्यात गेला आणि त्यानं सांडूला फोन लावला.

"आरं, काट्याची वायर कोणत्या पोर्टला हाये ते आधी सांगावं लागतंय. येक वळ टाक. लई सोपं हाये."

त्यानं येऊन ओळ टाकली. वजन उमटलं.

"कुठे अडलात?" मॅडमनी परत येऊन विचारलं.

"कुठंच नाय, मॅडम."

मॅडमचा चेहरा खुलला. "सुटले! सांडूला सगळं आधीच पाठ होतं, त्याचा उपयोग झाला नाही. मला नवखा माणूस हवा होता. नवखा अडला नाही, म्हणजे पानं नीट आहेत. परीक्षा पानांची होती हो, तुमची नाही. तुमचं कायम करायचं मागेच ठरलंय. आता ती कारखान्यांना पाठवून देते."

रामकिसनला उडी मारावीशी वाटली. पण लगेच डोळ्यांपुढं आला कुठल्याशा कारखान्यातला त्याच्यासारखाच कोणी, लाल ओळीपुढं बसलेला, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. त्याला स्वतःची लाज वाटली.

"थांबा, मॅडम. मी अडलो व्हतो. फोन करून इचारलं."

माउसकडं गेलेला मॅडमचा हात थांबला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता.

"तीन महिने तुम्ही मला रोज सांगताय, काही अडलं नाही. त्यातलं किती दिवस खरं होतं?"



"येक दिवस बी नाय, मॅडम."